दप्तर कोणाच्या घरी

पारनेर तालुक्यातले सुपा असो की देशावरचे दुसरे एखादे गाव, पेशवाईत आणि त्यानंतरही दीर्घकाळ गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. शेताची प्रत, सारा, बाकी यांचे मोडी कागद रुमालात बांधलेले. लिहिणारा तोच, वाचून दाखवणारा तोच आणि रुमालाची गाठ सोडणाराही तोच. काम वतनी असल्याने ते बापाकडून मुलाकडे जाई. मोडी न येणाऱ्या कुणब्याला स्वतःच्याच शेताची नोंद पडताळता येत नसे.

खरा धोका लेखणीपेक्षा रुमालात होता. खोटी नोंद केली तर खाडाखोड, शाई, हस्ताक्षर असा काही माग राहतो. कागदच नाहीसा झाला तर पडताळायलाही काही उरत नाही.

संगणकात हाच भेद युनिक्सच्या रचनेत दिसतो. बेल लॅब्समध्ये १९६९ पासून केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या या प्रणालीत प्रत्येक फाइलला मालक असतो. मालक, गट आणि इतर यांना वाचणे, लिहिणे, चालवणे या परवानग्या वेगवेगळ्या देता येतात. डिरेक्टरी हा रुमाल: तिच्यात असते ती नावांची यादी. फाइल काढून टाकणे म्हणजे यादीतले नाव खोडणे. त्यामुळे डिरेक्टरीत शिरण्याची आणि लिहिण्याची मुभा असलेला माणूस, ज्या फाइलचे एक अक्षरही त्याला वाचता येत नाही तीही काढू शकतो आणि त्याच नावाची दुसरी तिथे ठेवू शकतो. फाइलला कडक कुलूप आणि डिरेक्टरी सताड उघडी, ही चूक म्हणूनच फार महागात पडते. सर्वांच्या वापराच्या डिरेक्टरीत एकाने दुसऱ्याची फाइल काढू नये यासाठी १९८६ च्या ४.३ बीएसडी आवृत्तीत ‘स्टिकी बिट’ कामी लावला गेला.

गावच्या रुमालाचा मालक कायद्याने बदलला. १९५० च्या परगणा व कुलकर्णी वतन निर्मूलन कायद्याचा अंमल १ मे १९५१ पासून सुरू झाला. दप्तर वतनदाराच्या वाड्यातून बदली होणाऱ्या पगारी तलाठ्याकडे गेले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत लिहिणारा आणि मंजूर करणारा वेगळे ठेवले आहेत: तलाठी गाव नमुना सहामध्ये फेरफार लिहितो, संबंधितांना नोटीस देतो, आणि मंडल अधिकाऱ्याने तो प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो. सुप्याला औद्योगिक वसाहत झाली. अशा वसाहतीसाठी होणाऱ्या भूसंपादनात मोबदल्याचा हिशेब सातबाऱ्यावरच्या नावापासूनच सुरू होतो.

वाचण्याच्या परवानगीचा लढा याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीशी जोडलेला आहे. तिथल्या अण्णा हजारे यांच्या २००३ मधील उपोषणानंतर राज्याच्या माहिती अधिकार कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि तो २३ सप्टेंबर २००२ पासून लागू धरला गेला. देशाचा कायदा २००५ मध्ये आला.

आज सातबारा घरबसल्या वाचता येतो आणि २०१८ पासून त्याची डिजिटल स्वाक्षरीची प्रतही मिळते. ई-फेरफार या ऑनलाइन प्रणालीत तलाठी आणि मंडल अधिकारी आपापल्या अधिकारानेच आत शिरतात. नेहमीच्या वाटेबाहेरचा एक अधिकार मात्र राहिला आहे: संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा. युनिक्समधल्या ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्यासारखा तो गरजेचाही आहे, आणि सर्वांत जास्त नजर ठेवावी असाही तोच आहे.