‘वेब्स्टर’ या आडनावातील स्त्री

नोआ वेब्स्टरचा कोश १८२८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि हे आडनाव शब्दार्थाच्या अधिकाराचा जणू पर्यायच होऊन बसले. त्या आडनावाचा मूळ अर्थ मात्र ‘विणणारी’ असा आहे. प्राचीन इंग्रजीत ‘वेब्बा’ म्हणजे विणकर पुरुष आणि ‘वेब्बेस्त्रे’ म्हणजे विणकर स्त्री. ‘-एस्त्रे’ हा स्त्रीवाचक कर्तृप्रत्यय बॅक्स्टर (पाव भाजणारी) व ब्रूस्टर (मद्य गाळणारी) या आडनावांतही टिकून आहे.

यावरून प्रत्येक वेब्स्टर घराण्याची मूळ पूर्वज स्त्रीच होती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. वर्गात ही व्युत्पत्ती सांगितली की विद्यार्थी नेमके तेथेच उडी घेतात. परंतु हा प्रत्यय प्राचीन इंग्रजीतही अधूनमधून पुरुषांना लागत असे. पुढे उत्तर इंग्लंडमध्ये तर त्याचे लिंगभान लोपून तो निव्वळ व्यवसायदर्शक झाला. यॉर्कशायरच्या १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्यांत पुरुष विणकरांपुढेही ‘वेब्स्टर’ अशीच नोंद आढळते. दक्षिणेत त्याच धंद्याचे आडनाव प्रायः ‘वेब’ असे झाले. चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये विणकर पुरुषासाठी ‘वेब’ हाच शब्द योजला आहे. बाथची बाई वस्त्रविणाईत निपुण असूनही त्याने तिला ‘वेब्स्टर’ म्हटलेले नाही. उलट लँग्लंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’मध्ये खादाडाला वाटेत अडवून मद्याचे आमिष दाखवणारी बेटन ही ‘ब्रूस्टर’ आहे आणि ती निःसंशय स्त्री आहे.

तेव्हा केवळ प्रत्ययावर विसंबून चालणार नाही. तथापि तो अविश्वसनीय ठरला म्हणून ती स्त्रीच नाकारणे ही दुसरी, आणि माझ्या मते अधिक गंभीर, चूक होईल. ज्युडिथ बेनेट यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की चौदाव्या शतकाच्या आरंभी खेड्यापाड्यांतले मद्य बहुतांशी स्त्रियाच गाळत. १६०० पर्यंत तो धंदा मुख्यतः पुरुषांच्या हाती गेला. शिवाय पत्नीने गाळलेल्या मद्याचा दंड स्थानिक न्यायालयाच्या दप्तरात पुष्कळदा पतीच्या नावे लिहिला जाई. म्हणजे नावात स्त्री दिसते तेथे पुरुष असू शकतो, आणि नोंदीत पुरुष दिसतो तेथे प्रत्यक्ष श्रम स्त्रीचे असू शकतात.

आपल्या ‘कुंभारीण’ या शब्दाशी हे ताडून पाहण्याजोगे आहे. मडकी घडविणारी आणि कुंभाराची बायको, हे दोन्ही अर्थ त्यात नांदतात; मात्र आडनाव झाले ते ‘कुंभार’चे. इंग्रजीत स्त्रीवाचक रूप आडनाव झाले खरे, पण ते पित्याकडून पुत्राकडे जाऊ लागले. त्याच प्रत्ययाचा ‘स्पिन्स्टर’ हा शब्द तेवढा स्त्रीलिंगीच राहिला. सूत कातणारी हा त्याचा मूळ अर्थ. सतराव्या शतकापासून इंग्लंडच्या कायदेशीर कागदपत्रांत तो अविवाहितेपुढे लिहिला जाऊ लागला, मग तिने चरख्याला कधी हात लावलेला असो वा नसो.