काळ्या पोटाचा सुरय : एका पक्षिनामाचा इतिहास

विदर्भात कारंजा नावाची दोन प्रसिद्ध गावे आहेत. एकाची दुसऱ्याशी गल्लत होऊ नये म्हणून वाशीम जिल्ह्यातील गावास ‘लाड’ व वर्धा जिल्ह्यातील गावास ‘घाडगे’ हे उपपद जोडले जाते. नामातील संदिग्धता उपपदाने कशी दूर होते, याचे हे उत्तम उदाहरण होय. उपपद जोडूनही संदिग्धता उरल्याचे उदाहरण पक्षिनामांत आढळते. आणि तेथे हा प्रश्न केवळ शब्दाचा राहत नाही.

‘काळ्या पोटाचा सुरय’ हे ते नाव. भारतीय उपखंडातील नद्यांवर राहणाऱ्या, सुमारे ३३ सेंटिमीटर लांबीच्या या पक्ष्यास जॉन एडवर्ड ग्रे याने १८३१ मध्ये ‘अक्युटिकॉडा’, म्हणजे टोकदार शेपटीचा, असे लॅटिन नाव दिले. तथापि पुढे टेमिंकचे ‘मेलॅनोगॅस्टर’, म्हणजे काळ्या पोटाचा, हे नाव रूढ झाले. ब्लॅनफर्डने १८९८ च्या आपल्या ग्रंथात तेच स्वीकारले. अग्रक्रमाच्या नियमानुसार शास्त्रात ग्रेचे नाव पुन्हा प्रस्थापित झाले. लोकांच्या वापरातील इंग्रजी व मराठी नावांत मात्र पोटच राहिले.

या पोटाने पूर्वीही घोटाळा केला आहे. जर्डनने १८६४ मध्ये याच पक्ष्यास ‘जावानिका’ म्हटले. वस्तुतः हॉर्सफील्डने १८२१ मध्ये दिलेले ते नाव आज कल्लेदार सुरयाच्या एका उपजातीचे मानले जाते. कल्लेदार सुरयाचेही पोट विणीच्या पिसाऱ्यात काळे असते. उलट विणीचा हंगाम सरला की दोघांचीही पोटे पांढरी होतात. म्हणजे ज्या लक्षणावरून नाव पडले, ते एका ऋतूत दोघांत समान असते व दुसऱ्या ऋतूत दोघांतही नसते. खरा भेद चोचीत व शेपटीत आहे. काळ्या पोटाच्या सुरयाची चोच नारिंगी आणि शेपटी लांब व खोल दुभंगलेली असते; कल्लेदार सुरयाची चोच विणीच्या काळात गडद लाल व एरवी काळपट, शेपटी आखूड व किंचित खाचेची असते.

हा भेद महत्त्वाचा का? कल्लेदार सुरय जगात विपुल आहे; काळ्या पोटाचा सुरय मात्र नामशेष होण्याचा धोका असलेल्या पक्ष्यांच्या जागतिक यादीत आहे. तो उन्हाळ्यात नदीपात्रातील उघड्या वाळूवर अंडी घालतो. वाळूचा उपसा, धरणांतून अवेळी सोडलेले पाणी, गुरे व कुत्री यांमुळे ती नष्ट होतात. कारंजा (घाडगे) परिसरातील जलाशयांवर किंवा पश्चिमेकडील वर्धा नदीवर कोणी सुरय पाहून ‘पोट काळे’ एवढेच लिहिले, तर ती नोंद दोहोंपैकी कोणाचीही ठरू शकते. चुकीच्या नोंदीने दुर्मिळ पक्षी विपुल भासतो, आणि विपुल भासणाऱ्या पक्ष्याची वाळू राखण्याची निकड कोणास वाटत नाही.

रूढ नाव बदलावे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. नाव ही ओळखीची खूण आहे, पुरावा नव्हे. निरीक्षकाने चोच व शेपटी नोंदवावी. १८३१ च्या नावाने शेपटीकडे तरी बोट दाखवलेच होते.