दगडातल्या माशाचे हृदय

बाजारात कोळीण बांगडा साफ करते, तेव्हा कल्ल्यांबरोबर एक लहानसा लालसर गोळा बाहेर येतो. ते माशाचे हृदय. उन्हात थोडा वेळ राहिले तरी नासू लागते. हा अवयव कोट्यवधी वर्षे टिकू शकेल, असे कोणी म्हटले असते तर जाणकारांनीही मान हलवली असती. हाडे टिकतात, दात टिकतात, खवले टिकतात. मांस कुठले टिकायला! पण २०१६ साली ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी साडेअकरा कोटी वर्षांपूर्वीच्या माशाचे हृदय दाखवले, आणि तेही दगड न फोडता.

हा मासा ईशान्य ब्राझीलमधल्या अरारिपे पठारावरचा. तिथे बटाट्याच्या आकाराचे गोटे सापडतात. हातोडीचा नेमका घाव बसला की गोटा दुभंगतो आणि आत अख्खा मासा दिसतो. स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ जॉर्ज गार्डनर १८३८ साली त्या भागात हिंडत होता. त्याने असे मासे गोळा करून मायदेशी पाठवले. जीवाश्म माशांचा त्या काळातला सर्वांत मोठा अभ्यासक लुई अगासी. त्याने ते पाहून १८४१ साली त्यांना नावे दिली. आपल्या गोष्टीतला ‘ऱ्हाकोलेपिस’ त्यांपैकीच एक. अगासीला बाहेरचे खवले आणि हाडे दिसत होती. आत काय आहे हे पाहायचे तर मासा मोडावा लागला असता.

पुढे १९४८ साली लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातल्या हॅरी टूम्ब्स यांनी एक साधी युक्ती काढली. व्हिनेगरमध्ये असते तेच ॲसेटिक आम्ल सौम्य करून त्यात दगड बुडवून ठेवायचा. चुनखडी विरघळते, हाड राहते. कारण चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि हाड मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. कोणता पदार्थ कशाचा बनला आहे, एवढ्या एका माहितीवर ही सगळी करामत उभी होती. पण एकदा विरघळलेला दगड परत मिळत नाही, आणि त्याबरोबर काय गेले हे कळत नाही.

पदार्थ ओळखण्याचा न मोडणारा मार्ग आपल्याकडे सापडला. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात दाखवले, की पदार्थावर पडलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश रंग बदलून परततो. किती बदलला हे त्यातल्या रेणूंच्या कंपनांवर ठरते. १९६० साली लेसर आला आणि ही पद्धत खऱ्या अर्थाने हाताशी आली. लेसरचा बारीक ठिपका जीवाश्मावर टाकला, की वर्णपटात फॉस्फेटची रेघ ९६० या आकड्याच्या आसपास उमटते, तर कार्बोनेटची १०८५ च्या जवळ. हाड कुठे संपते आणि भोवतालचा दगड कुठे सुरू होतो, हे त्यावरून ठरवता येते. क्ष-किरणांचे विवर्तन हाही एक मार्ग. स्फटिकातल्या अणूंची मांडणी त्याने कळते. पण त्यासाठी बहुधा चिमूटभर भुकटी खर्चावी लागते, आणि दुर्मीळ नमुन्याच्या बाबतीत ती चिमूटही जड जाते.

या तपासण्यांमुळे अरारिपेच्या गोट्यांची कुंडली जुळली. मासा मेला, प्राणवायू कमी असलेल्या तळाशी गेला. कुजताना भोवतालच्या पाण्याचे रसायन बदलले आणि फॉस्फेटने मऊ अवयवांची जागा घेतली. नंतर त्यावर चुनखडीचे कवच चढले. म्हणजे मांस टिकले नाही. ते नासायच्या आत खनिजाने त्याचा साचा घेतला. ‘हृदय सापडले’ असे आपण म्हणतो, ते याच अर्थाने.

आता राहिला आत पाहण्याचा प्रश्न. रोंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि लवकरच लोकांनी जीवाश्मांची छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली. पण साध्या क्ष-किरणांना फॉस्फेट आणि चुनखडी यांतला फरक फारसा दिसत नाही. त्यासाठी फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनचे अतितीव्र किरण लागले. रुग्णालयातल्या सीटी स्कॅनप्रमाणे गोट्याचे असंख्य पातळ छेद संगणकात घेतले गेले. (त्या चित्रांतले रंग संगणकाने भरलेले असतात, दगड आतूनही दगडाच्याच रंगाचा.) हृदयातून रक्त बाहेर पडण्याच्या वाटेवर झडपांच्या ५ ओळी दिसल्या. आजच्या बहुतेक माशांत तिथे एकच ओळ असते, तर पॉलिप्टेरस या प्राचीन वळणाच्या आफ्रिकी माशात ९. उत्क्रांतीत हृदय साधे कसे होत गेले, याचा मधला टप्पा हाती लागला. हाडांवरून तो कधीच कळला नसता.

२०२२ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गोगो इथल्या ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या माशांतही हृदय सापडले. तिथे सिंक्रोट्रॉनच्या जोडीला न्यूट्रॉनचे किरण वापरले, आणि मासे त्यांच्या चुनखडीतच राहू दिले. याच गोगोचे कितीतरी मासे आधी आम्लात घालून सुंदर मोकळे केले गेले होते. त्यांची हाडे संग्रहालयात चकचकीत उभी आहेत. त्यांतल्या किती जणांची हृदये टाकीच्या तळाच्या गाळाबरोबर ओतून दिली गेली, ते आता मोजता येणार नाही.