तळटीप: साक्ष आणि उपचार

निबंध हा शब्द मराठीत इंग्रजी शिक्षणाबरोबर आला, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने (१८७४) त्याला आजचा अर्थ रूढ करून दिला, हे खरे. परंतु त्यापूर्वी कित्येक शतके धर्मशास्त्रात ‘निबंध’ ही संज्ञा एका निराळ्या ग्रंथप्रकाराला लावली जात होती. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा तेराव्या शतकातील ग्रंथ त्याचा ठळक नमुना होय. व्रत, दान, श्राद्ध अशा विषयांवरील वचने एकत्र आणणे, ती ज्या स्मृतीतून वा पुराणातून घेतली तिचे नाव सांगणे आणि परस्परविरोधी वचनांची व्यवस्था लावणे, हे निबंधकाराचे कार्य. पां. वा. काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ (१९३०–६२) या ग्रंथातील कालनिर्णयाचा बराच भाग या नामनिर्देशांवरच उभा आहे. कोण कोणाचा उल्लेख करतो, यावरून ग्रंथांचे पौर्वापर्य ठरवता येते. तथापि हा निर्देश नावापाशी थांबतो. वाचकाने मूळ ग्रंथ उघडून वचन ताडून पाहावे, ही अपेक्षा त्यामागे मुख्यत्वे नाही. वचनाला प्रामाण्य मिळवून देणे हा त्याचा हेतू. प्रामाण्य आणि पडताळा यांतील हे अंतर संदर्भनिर्देशाच्या मराठी इतिहासात पुढेही महत्त्वाचे ठरते.

बखरवाङ्मयात विश्वासार्हतेचे अधिष्ठान आणखी वेगळे आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस राजारामाच्या आज्ञेवरून लिहिलेली बखर विश्वसनीय वाटते, ती लेखक शिवाजीच्या दरबारी होता म्हणून. तेथे साधन आणि लेखक एकच आहेत. साधनाचा पत्ता देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

या पार्श्वभूमीवर जेम्स ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला. साताऱ्यास असताना डफला दप्तरे, खाजगी कागद आणि बखरी पाहावयास मिळाल्या होत्या. त्याने तळटिपांतून साधनांचे निर्देश केले आणि काही हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचे नमूद केले. मराठी लोकांच्या इतिहासाविषयी वाचकाला ‘तेथे जाऊन पाहा’ असे सांगणारी ही नवी रीत होती. कॅप्टन डेव्हिड केपनने १८२९–३० च्या सुमारास या ग्रंथाचे मराठी रूप सिद्ध केले, त्याला मात्र नाव मिळाले ‘मराठ्यांची बखर’. मराठी वाचकाजवळ इतिहासग्रंथासाठी तोवर दुसरे नाव नव्हते, आणि नावाबरोबर वाचण्याची जुनी सवयही आली असावी.

ती सवय मोडणारा निबंध एका विद्यार्थ्याने लिहिला, ही गोष्ट विद्यापीठीय लेखनाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. डेक्कन कॉलेजात शिकणारे नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ मध्ये पुण्याच्या यंग मेन्स असोसिएशनपुढे डफच्या ग्रंथावरील टीका वाचली. डफच्या परिश्रमांविषयी त्यांना आदर होता; परंतु त्याच्या निष्कर्षांपेक्षा त्याच्या साधनांकडे त्यांनी लक्ष वळवले. मूळ कागद प्रसिद्ध झाल्यावाचून या इतिहासाची परीक्षा करता येणार नाही, हा त्या विवेचनाचा इत्यर्थ. डफने ठेवलेल्या नकला पुढच्या अभ्यासकांच्या हाती लागल्या नाहीत, तेव्हा या आग्रहाचे मर्म अधिकच स्पष्ट झाले. तळटीप शाबूत असूनही तिच्या पलीकडचे साधन नाहीसे होऊ शकते.

पुढील अर्धशतकातील मराठी संशोधन हे या उणिवेला दिलेले उत्तर आहे. ‘काव्येतिहाससंग्रह’ (१८७८) या मासिकातून का. ना. साने यांनी बखरी टिपांसह छापल्या. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला; वाईस मिळालेली पानिपतपूर्व काळातील पत्रे त्यात आहेत. एका अस्सल पत्रापुढे बखरीचे कथन टिकत नाही, ही त्यांची भूमिका त्या खंडाच्या प्रस्तावनेतून प्रकट झाली. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने कागद जपण्याची आणि दाखवण्याची संस्थात्मक सोय केली.

परंतु या परंपरेचा अंतर्विरोध खुद्द राजवाड्यांच्याच कार्यात दिसतो. त्यांनी १९०९ मध्ये एका जुन्या पोथीच्या आधारे ‘ज्ञानेश्वरी’ छापली; ती पोथी मात्र पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. शासनाने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेली प्रत राजवाडे-संहितेवर आधारलेली आहे. तिच्यातील ओवी उद्धृत करणारा विद्यार्थी अखेर राजवाड्यांच्या वाचनावर विसंबतो. शिवाय निरनिराळ्या प्रतींत पाठ आणि ओवीसंख्या भिन्न असल्याने केवळ अध्याय व ओवी यांचा अंक देणे पुरत नाही. प्रत सांगितली नाही, तर संदर्भ असूनही वाचक मुक्कामी पोहोचत नाही. डफकडे साधन मागणारी परंपरा स्वतःच्या साधनाविषयी एवढी काटेकोर राहिली नाही, हे मान्य करण्यात राजवाड्यांचा अधिक्षेप नाही. त्यांनीच घालून दिलेल्या कसोटीचा तो वापर आहे.

आजच्या प्रबंधलेखनात हा इतिहास विस्मृतीत गेल्यासारखा वाटतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या साम्याच्या टक्केवारीवर बसवल्या: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, ६० टक्क्यांपुढे नोंदणी रद्द. चोरीला आळा घालण्यासाठी अशा व्यवस्थेची गरज नाकारता येत नाही. पण टक्केवारी शब्दांचे साम्य मोजते. साधन पाहिले की नाही, हे तिला कळत नाही. दुसऱ्याच्या ग्रंथातील तळटीप उचलून ती आपल्या वाचनाची म्हणून दिली, तर आक्षेपार्ह असे काहीच यंत्राला दिसणार नाही. ‘तत्रैव’ आणि ‘उपरोक्त’ यांच्या शिस्तबद्ध रांगा लागतात आणि प्रत्येक टीप पुन्हा हेमाद्रीच्या नामनिर्देशाचे काम करू लागते: मोठ्या नावाने विधानाला वजन येते, पडताळा होत नाही.

यावर उपाय नवा नाही. जे मूळ पाहिले नाही, ते कोणाच्या ग्रंथावरून घेतले हे सांगणे. संहितेची प्रत आणि आवृत्ती नोंदवणे. कागद कोणत्या संग्रहात आहे हे लिहिणे. आणि परीक्षकाने दहा-पाच टिपा तरी प्रत्यक्ष उघडून पाहणे. १८६७ मध्ये एका विद्यार्थ्याने प्रस्थापित ग्रंथकाराकडे एवढीच मागणी केली होती. विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्याकडून आणि स्वतःकडून त्याहून कमी मागावे, याला समर्थन सापडत नाही.