पुढे आलेली खिडकी: कायद्याचे इंच आणि वळचणीचं पाणी

भिंत आणि छप्पर यांच्या इतिहासावर आपण बोललो. आज भिंतीबाहेर डोकं काढणाऱ्या खिडकीबद्दल बोलू. इंग्रज तिला बे-विंडो म्हणतात. लायब्निझने 1714 साली आपल्या चिदणूंना खिडक्याच ठेवल्या नाहीत, त्यामुळे तो गळतीच्या चिंतेतून सुटला. पण घराला खिडकी लागते, आणि माणसाला ती जरा पुढे आलेली आवडते. तीन बाजूंनी उजेड येतो, रस्त्याची दोन्ही टोकं दिसतात. आता आपण जाऊ लंडनला.

1666च्या आगीपूर्वी तिथली लाकडी घरं मजल्यागणिक रस्त्यावर झुकत जायची. आगीनंतर, 1667च्या कायद्याने विटा-दगड सक्तीचे झाले. 1709 साली नियम आला की, खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या बाहेरच्या पातळीपासून 4 इंच आत बसवावी. 1774च्या कायद्याने त्या चौकटीची पेटीही विटांआड लपवायला लावली; दुकानांच्या खिडक्यांना रुंद रस्त्यावर 10 इंच आणि अरुंद रस्त्यावर 5 इंच पुढे यायची मुभा होती. सगळा विचार आगीचा आणि रस्त्याचा. पाण्याबद्दल कायद्याला काळजी नव्हती. ते सुताराने आणि शिशाचं काम करणाऱ्याने बघायचं.

काचेवरचा अबकारी कर 1845 साली गेला, खिडक्यांवरचा 1851 साली. पुढे मध्यमवर्गासाठी घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. घरापुढे छोटी बाग असायची, म्हणजे खिडकी पुढे आली तरी ती स्वतःच्याच जमिनीवर. 1894च्या कायद्याने 4 इंचांची अटही सैल झाली. मग काय, प्रत्येकाला बे-विंडो हवी!

आता कारागिराचं काम पाहा, कारण खरी बुद्धी तिथे खर्च झालेली आहे. खिडकीवरचं छोटं छप्पर मुख्य भिंतीला जिथे भिडतं तिथे शिशाचा पत्रा लावतात. त्याची वरची कड विटांच्या दर्जात इंचभर आत घालायची, पाचर मारून पक्की करायची आणि दर्जा भरून टाकायची. पत्र्याचा एक तुकडा दीड मीटरपेक्षा लांब घेत नाहीत. शिसं उन्हात प्रसरण पावतं आणि लांब तुकडा स्वतःच्याच ताणाने फाटतो. खालची सिल बाहेरच्या बाजूला उतरती. तिच्या पोटाला कडेलगत एक बारीक खाच कोरलेली असते. आपल्याकडे अशक्य गोष्टीला आपण म्हणतो, वळचणीचं पाणी आढ्याला गेलं. तसं ते थोडं थोडं जातंच! पाणी सिलच्या पोटाला चिकटून मागे सरकतं, बारीक फटीतून वरही चढतं. ती खाच त्याची वाट तोडते, तिथे थेंब सुटतो आणि पागोळी खाली पडते. अर्ध्या बोटाची खाच, पण ती रंगाच्या थरांनी बुजली की भिंतीला ओल धरलीच म्हणून समजा.

आणखी एक. खिडकीचे कोपऱ्यातले खांब नुसते काच धरत नाहीत, पुष्कळदा ते वरच्या मजल्याचं वजन पेलतात. घाईत बांधणाऱ्यांनी अनेकदा या पुढे आलेल्या भागाचा पाया मुख्य भिंतीपेक्षा उथळ ठेवला. लंडनची चिकणमाती कोरड्या उन्हाळ्यात आक्रसते, तो भाग वेगळा बसतो, नेमका सांधा उघडतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांनी लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवल्या, तेव्हा काही ठिकाणी आत पोलादी खांब न घालताच जुने खांब काढले. वरचा भार नव्या चौकटीवर आला, ती वाकली, झडपा अडकू लागल्या. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल 2002पासून खिडक्या बदलण्याचं काम बांधकाम नियमांखाली आलं.

आपल्या मुंबईतही इंचांचाच खेळ झाला. खिडकीबाहेरची फुलझाडांची जागा एफएसआयमध्ये धरली जात नसे. म्हणून पुष्कळांनी खिडकी तिथवर पुढे सरकवली आणि खोली मोठी केली. जानेवारी 2012मध्ये नियम बदलले, ती जागा मोजणीत आली. पण हे सगळं पुन्हा क्षेत्रफळाचं. त्या स्लॅबची रचना झाडांच्या कुंड्यांसाठी होती. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा ट्रॅक ठेवला की सांध्याचं काय, हे विचारलं कुणी? लंडनला वर्षभरात साधारण 600 मिलिमीटर पाऊस पडतो. सांताक्रूझला 26 जुलै 2005 रोजी एका दिवसात 944 पडला. शिवाय आपली गळती बहुधा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छतातून दिसते, त्यामुळे खर्च कुणाचा यावर सोसायटीच्या सभा रात्री उशिरापर्यंत चालतात.

मघाशी एका ताईंनी विचारलं, पाणी कुठून येतंय ते शोधायचं कसं? तर एकदम वरून पाणी ओतू नका, सगळीकडून ओलं होईल आणि काहीच कळणार नाही. एकाने आत उभं राहायचं. दुसऱ्याने बाहेरून नळीने आधी सिलखाली, मग सिलवर, मग बाजूच्या सांध्यांवर आणि शेवटी छपराच्या सांध्यावर पाणी सोडायचं. प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. आतला माणूस ओरडला की तिथेच थांबा.