उरलेल्या मूत्रपिंडाचा हिशेब

एका मूत्रपिंडावर जीव तगतो, हे गुस्टाव्ह सिमोन यांनी आधी कुत्र्यांवर पडताळले आणि मगच १८६९ साली हायडेलबर्ग येथे एका स्त्रीचे मूत्रपिंड काढले. ती वाचली. पुढे शतकभर लहानशा गाठीसाठीही बहुधा अख्खे मूत्रपिंड काढले जाई. रक्तातील क्रिएटिनीन ठीक दिसे. पण जवळजवळ निम्मी क्षमता गेल्यावरही ते ठीक दिसू शकते! २००६ साली न्यूयॉर्कमधील ६६२ रुग्णांच्या अभ्यासाने हा भ्रम फोडला. तीन वर्षांनंतर गाळणवेग मिनिटाला ६० मिलिलिटरच्या वर राहण्याची शक्यता, केवळ गाठीचा भाग काढल्यास ८० टक्के. संपूर्ण काढल्यास अवघी ३५. आजचे भाकीत मुख्यतः शस्त्रक्रियेपूर्वीचा वेग आणि वाचलेल्या ऊतीचे आकारमान यांवर बेतलेले असते. रक्तपुरवठा किती मिनिटे रोखावा, यावर मात्र शल्यचिकित्सक वर्षानुवर्षे वाद घालत राहिले.