निर्जन

रायपूरहून समुद्र कुठल्याही बाजूने लांबच. तरी गेल्या उन्हाळ्यात वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांनी मला महिनाभर अडकवून ठेवलं. अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८७५ मध्ये लक्षद्वीप आणि पश्चिम किनाऱ्याच्या सफरीत इथे आले होते. त्या सफरीचा वृत्तांत त्यांनी पुढच्या वर्षी ‘स्ट्रे फेदर्स’ या आपल्याच नियतकालिकात छापला. दहा वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. आपल्याकडे त्यांची ही पक्ष्यांची बाजू क्वचितच कुणी वाचतं.

या खडकांवर टिपण लिहिताना मी सहज ‘निर्जन बेटं’ लिहिलं आणि थांबले. इंग्रजीतल्या ‘अनइनहॅबिटेड’चा अर्थ वस्ती नसलेलं. इथे तर वस्ती आहे, दाट आहे. आपला ‘निर्जन’ फक्त माणसं नाहीत एवढंच सांगतो, म्हणून तो जास्त खरा. पण कानाला तो ओसाड वाटतो. हिंदीतही तोच शब्द, तीच छटा.

इथल्या गुहांमध्ये पाकोळ्या राहतात. अंधारात टिकटिक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधणारे हे लहान पक्षी. घरटं लाळेचं, त्यात शेवाळ, गवत, पिसं मिसळलेली. घरटं काढून नेलं की पुन्हा लाळ गाळायची, पुन्हा बांधायचं. या लाळेचं चिनी मेजवानीत सूप होतं, म्हणून एके काळी इथली घरटी गोळा करण्याचा हक्क सरकार मक्त्याने देत असे. गावात कुणाच्या घराच्या भिंती काढून नेण्याचा लिलाव झाला असता, तर निदान दावा तरी उभा राहिला असता!

हुमायून अब्दुलअली यांनी १९४० आणि १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये इथल्या पाकोळ्यांवर आणि सुरय पक्ष्यांवर लिहिलं. म्हणजे अभ्यासकांना हे खडक ठाऊक होते. तरीही २००१ च्या सुमारास चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने पाकोळ्यांच्या रक्षणाचं काम हाती घेतलं, तेव्हा घरटी चोरीला जात होती. मक्ता केव्हाच संपला होता, गिऱ्हाईक संपलं नव्हतं.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. हे खडक त्याच्या हद्दीबाहेर दक्षिणेला राहिले. लक्षद्वीपमधलं पिट्टी मात्र १९९५ मध्ये पक्षी अभयारण्य झालं: एका हेक्टरच्या आसपास वाळू, आणि तिच्यावर घरटी करणारे सुरय. तेव्हा आकार लहान होता म्हणून वेंगुर्ल्याचे खडक नकाशातून निसटले, हे कारण मला पटत नाही. मला वाटतं, पिट्टीवर पक्षी उघड्यावर दिसतात. इथे ते गुहेत, काळोखात असतात. जे दिसत नाही त्याची हद्द आखायला कोण जाणार?

आमच्या छत्तीसगडची पहाडी मैना बोलते, म्हणून पिंजऱ्यात गेली. कांगेर घाटीचं राष्ट्रीय उद्यान तिच्यासाठी ओळखलं जातं आणि राज्यपक्षी म्हणून तिचं नाव शाळेतल्या मुलालाही पाठ असतं. पाकोळीचं तसं नाही. मराठीत ‘पाकोळी’ म्हटलं की काहींना फुलपाखरू आठवतं, काहींना फुलाची पाकळी.

शेवटी मी ‘निर्जन’ खोडलं आणि ‘मनुष्यवस्ती नसलेली’ असं लांबलचक लिहिलं. संपादकांनी जागेअभावी ते पुन्हा ‘निर्जन’ केलं. मी फोन करून एकच शब्द जास्त मागितला: ‘माणसांपुरती निर्जन’. तेवढी जागा निघाली.